पगार वाढला, पण हातात कधी येणार? बदलीच्या तीन महिन्यांचा हिशेब

जळगावची नोकरी सोडून पुण्याला, धुळ्याहून नाशिकला, नंदुरबारहून सुरतेला. लग्नानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत खानदेशातल्या बऱ्याच जोडप्यांच्या वाट्याला अशी एक तरी बदली येते. ऑफर लेटर आलं की घरात चर्चा होते ती पगार किती वाढला याची. जुना पगार शेवटचा कधी जमा होणार आणि नवा पहिला कधी, हे मात्र कोणी विचारत नाही. या काळात लोक अडकतात ते महागाईने कमी आणि तारखांनी जास्त.

आकडे घेऊन बघू. समजा जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात तो अकाउंट्स बघतो, हातात ३२ हजार येतात. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिला १४ हजार मिळतात. भाडं साडेसात हजार. त्याला चाकणला ४८ हजारांची नोकरी लागली. सगळे म्हणतात, सोळा हजार वाढले. पण दोघांचे मिळून आत्ता ४६ हजार येतच होते. तिची नोकरी सुटल्यावर घरात येणार ४८, म्हणजे वाढ दोन हजारांची. भाडं मात्र साडेसातवरून पंधरावर जाणार. तिला तिकडे काम लागेपर्यंत ही बढती दरमहा साडेपाच हजारांनी तोट्यात आहे. नोकरी घेऊच नये असं मी म्हणत नाही, पण बदलीचा हिशेब दोन पगारांचा मांडायचा, एकाचा नाही.

आता तारखा. पगार दोन्हीकडे सात तारखेला होतो असं धरू. त्याने १० मे रोजी राजीनामा दिला, एक महिन्याची नोटीस, ९ जूनला सुटका. नोटीस दिल्यावर बऱ्याच कंपन्या चालू महिन्याचा पगार थांबवतात आणि फुल अँड फायनलमध्येच, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातच देतात. त्यामुळे एप्रिलचा पगार ७ मे रोजी आला तोच शेवटचा. मे आणि जूनचे नऊ दिवस मिळून ४१,६०० रुपये कंपनीकडे अडकले, ते सुटायला सहा-सात आठवडे लागले तर जुलै संपतो. नव्या कंपनीत तो २३ जूनला हजर झाला. तिथली पगाराची कट-ऑफ तारीख २० असेल तर जूनचे आठ दिवस जुलैच्या पगारात जाणार आणि तो पगार ७ ऑगस्टला येणार. ७ मे ते ७ ऑगस्ट, मध्ये पूर्ण तीन महिने त्याच्याकडून घरात एक रुपया नाही.

मे एप्रिलच्या पगारात निघाला. जूनपासूनचा खर्च असा: जळगावचं जूनचं भाडं साडेसात हजार (नऊ तारखेला निघालात म्हणून घरमालक अर्धं घेत नाही), जूनचा घरखर्च बारा, पुण्यात गेल्यावर जुलैचा सोळा. पुण्याचं भाडं जूनचे दहा दिवस, जुलै आणि पाच ऑगस्टला द्यायचं ऑगस्टचं मिळून पस्तीस. तीन महिन्यांचं डिपॉझिट पंचेचाळीस, एजंटचं एक भाडं पंधरा, सामानाची गाडी आणि हमाली अठरा, करारनामा अडीच, गाडीचे तीन हप्ते अकरा हजार चारशे. बेरीज १,६२,४००. जमेत तिचा मेचा पगार, जूनचे नऊ दिवस आणि जळगावचं पंधरा हजारांचं डिपॉझिट, मिळून ३३,२००. खालचा फरक १,२९,२०० रुपयांचा. फुल अँड फायनल ३१ जुलैला आलं तर बरं, पण ते येईल असं धरून चालायचं नाही.

हा सव्वा लाख आधी हातात असला तर बदली सुखाची. तो नसेल तर तारखा हलवता येतात का ते बघायचं, आणि ते जमतं. वरच्याच उदाहरणात तो २३ ऐवजी १६ जूनला हजर झाला असता तर कट-ऑफच्या आत नाव चढलं असतं आणि पंधरा दिवसांचे २४ हजार ७ जुलैलाच मिळाले असते. एका आठवड्याने महिनाभराची तहान भागते. म्हणून ऑफर घेताना एचआरला पगाराच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारा: कट-ऑफ कोणती, पगाराची तारीख कोणती, आणि स्थलांतराचा खर्च देता का, देत असाल तर बिल कोणाच्या नावाचं लागतं. शेवटचा प्रश्न लाजून राहून जातो. गाडीवाल्याचं पक्कं बिल मागायचं मग दोन महिन्यांनी सुचतं, तेव्हा तो गाडीवाला फोनही उचलत नाही.

दुसरा उपाय म्हणजे दोघांनी एकदम न हलणं. त्याने दीड-दोन महिने कॉट बेसिसवर (फक्त खाटेचं भाडं देऊन) राहायचं, तिने जळगावातच काम चालू ठेवायचं. दोन चुली होतात, शनिवार-रविवारच्या ट्रॅव्हल्सचा खर्च होतो. पण तिचे १४ हजार चालू राहतात, डिपॉझिट पहिल्या पगारातून देता येतं, आणि मुख्य म्हणजे घर घाईत घ्यावं लागत नाही. पुण्यात जो आठ दिवसांत घर शोधतो तो एजंटच्या तावडीत सापडतो. जो महिनाभर तिथे राहून कंपनीतल्या लोकांना विचारत फिरतो, त्याला दुसऱ्याने सोडलेलं घर थेट मालकाकडून मिळू शकतं.

घरून पैसे मागू, हा विचार जूनमध्ये करू नका. गावी शेती असेल तर जून म्हणजे कपाशीचं बियाणं, खत, मजुरी. घरच्यांचा हात त्याच महिन्यात सर्वांत तंग असतो, उलट तुमच्याकडेच मागणी यायची. कापूस विकून पैसा येतो दिवाळीनंतर. त्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आलेल्या असतात, लग्नसराईचा आहेर झालेला असतो. दिवाळीनंतरची बदली खिशाला सगळ्यांत सोपी जाते, पण नोकऱ्या आपल्या कॅलेंडरने येत नाहीत.

मग उसनवारी कुठून? वैयक्तिक कर्ज राजीनाम्याच्या आधी मंजूर होतं, नंतर नाही. नव्या कंपनीच्या निदान तीन पगार-स्लिपा असल्याशिवाय बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत. क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवायची असली तरी ती जुन्या पगारावरच वाढवून घ्यावी. जळगावसारख्या सोन्याच्या गावात सोनेतारण हा सरळ मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पण त्यात मुदतीअखेरचं व्याजही धरलेलं असतं. तेव्हा ८५ टक्के हातात येतील असं समजू नका. मंगळसूत्र न ठेवता बांगड्या ठेवा. मंगळसूत्र ठेवलं की सणाला ते सोडवायची घाई होते आणि त्यासाठी आणखी कुठून तरी उसने घेतले जातात. पतसंस्थेत ठेव असेल तर ती बदलीच्या खर्चासाठी वेळेआधी मोडायला हरकत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पतसंस्था अडचणीत आली की काय होतं, हे जळगाव जिल्ह्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

पीएफकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त पैसा इथे वाया जातो आणि तोही न कळत.

नव्या कंपनीत पहिल्या दिवशी फॉर्म ११ भरून घेतात. त्यात ‘याआधी पीएफ सदस्य होता का’ असा प्रश्न असतो. कागदांच्या गठ्ठ्यात लोक तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. मग नवा यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) तयार होऊ शकतो, जुना तसाच पडून राहतो आणि दोन्ही जोडायला महिने लागतात. त्याहून मोठं नुकसान पेन्शनचं. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सदस्य होणाऱ्याचा मूळ पगार १५ हजारांच्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. जळगावात कमी पगारावर सदस्य झालेला माणूस पुण्यात वाढलेल्या पगारावर ‘नवा’ म्हणून दाखवला गेला की पेन्शनमधून बाहेर पडतो. ‘हो’ लिहा, जुना यूएएन लिहा, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

दुसरी अडचण बाहेर पडण्याच्या तारखेची. जुनी कंपनी ती पोर्टलवर टाकत नाही, किंवा महिनाअखेर धरून टाकते. रिलीव्हिंग लेटरवर ९ जून, पोर्टलवर ३० जून आणि नवी नोकरी २३ जूनपासून, अशी दोन नोकऱ्यांची तारीख एकमेकांवर चढली की ट्रान्सफरच्या अर्जाला शंका लागते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. सोडतानाच एचआरकडून तारीख नीट टाकून घ्या. त्यांनी टाकलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः आधार-ओटीपीने टाकता येते, पण एकदा टाकली की बदलणं किचकट. घाईत अंदाजाने टाकू नका, लेटर समोर ठेवून टाका.

तिच्या पीएफचं काय? बदलीच्या वेळी ‘तुझी नोकरी तर सुटलीच, काढून घे, डिपॉझिटला होतील’ असं सहज म्हटलं जातं. पाच वर्षांची सलग नोकरी नसताना काढलेली रक्कम करपात्र धरली जाते, आणि ती ५० हजार किंवा जास्त असेल तर पॅन दिलेलं असूनही १० टक्के टीडीएस कापतात. (वर्षाचं उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर स्वयंघोषणेचा फॉर्म देऊन हा टीडीएस टाळता येतो, पण अर्जासोबत तो जोडायचं राहतंच.) पण टीडीएस ही लहान गोष्ट. दहा वर्षांची सेवा भरली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि काढून घेतलं की ती वर्षं शून्यावर येतात. नोकरी सुटली म्हणून व्याज लगेच थांबत नाही. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. सहा महिन्यांनी तिला पुण्यात लॅब मिळाली की जुना हिशेब तिथे जोडता येतो. डिपॉझिटसाठी सोनं ठेवा, तिचा पीएफ मोडू नका.

नावाचा घोळ इथेच येतो. लग्नानंतर आधारवर नाव बदललं, पॅनवर माहेरचंच, पीएफवर तिसरंच, बँकेत अर्धवट. बदलीच्या दोन महिन्यांत यातलं काहीही बदलायला काढू नका. आधी पीएफ ट्रान्सफर होऊ द्या, नव्या बँकेचं केवायसी होऊ द्या, मग विवाह नोंदणीचा दाखला घेऊन क्रमाने बदला: आधार, पॅन, बँक, शेवटी पीएफ. मधेच आधार बदललं की पीएफवरच्या नावाशी जुळत नाही आणि सगळं अडतं. नॉमिनेशन मात्र लांबवू नका. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं असेल तरी लग्नानंतर नव्याने भरायला हवं. पीएफसोबतच्या विमा योजनेत सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला सात लाखांपर्यंत मिळतात, आणि हप्ता आपल्या पगारातून जात नसल्यामुळे ही योजना आहे हेच लोकांना माहीत नसतं.

पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना असते. बदलीत हाही धागा तुटतो, पण लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली की लाभ पुढच्या जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्च भरली की जुलै ते डिसेंबर. पगार मधेच २१ हजारांवर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, तेव्हा ‘माझं चुकून कापताय’ म्हणून एचआरशी भांडू नका. बाळाचा विचार चालू असेल तर हे गणित कागदावर मांडूनच तिची नोकरी सोडण्याची तारीख ठरवा. प्रसूती रजेच्या पगारासाठी ठरावीक काळात ७० दिवसांची वर्गणी लागते. कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तो सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. २३ जूनपर्यंतचे दोन आठवडे घरात कोणाचाच विमा नाही, आणि त्याच पंधरवड्यात तुम्ही पावसात सामानाची गाडी भरताय. स्वतःची एक लहान फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच) पॉलिसी राजीनाम्याच्या निदान महिनाभर आधी घ्या, कारण सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून बहुतेक आजारांना संरक्षण नसतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

आयकराची चूक मोठ्या पगारवाल्यांना बसते. समजा आधीच्या कंपनीत सहा महिने ९० हजार आणि नव्या कंपनीत सहा महिने १ लाख ३५ हजार. पहिली कंपनी वर्षाचे १० लाख ८० हजार धरते, कर शून्य. दुसरी फक्त आपले ८ लाख १० हजार बघते, कर शून्य. दोघांची बेरीज १३ लाख ५० हजार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की १२ लाख ७५ हजार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी यावर ७१,२५० कर आणि ४ टक्के उपकर मिळून ७४,१०० रुपये होतात. विवरणपत्र भरताना हे एकदम समोर येतं, वर व्याज. उपाय एका कागदाचा आहे: जुन्या कंपनीतला पगार नव्या कंपनीला लेखी कळवा, म्हणजे ती दरमहा थोडं थोडं कापते.

व्यवसाय कराचा सुरतेला जाणाऱ्यांसाठी एक बारकावा. महाराष्ट्रात स्त्रियांना २५ हजार पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. गुजरातेत अशी वेगळी सवलत नाही, १२ हजारांच्या वर पगार गेला की दरमहा २०० कापतात. स्लिपवर दिसलं तर चूक समजू नका.

जुनं पगार खातं लगेच बंद करू नका. गाडीचा हप्ता, एसआयपी, विमा सगळं तिथून कापलं जातं आणि नवं मँडेट (हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) लागायला तीन-चार आठवडे जाऊ शकतात. मधला एक हप्ता उसळला की बँकही दंड लावते, कर्ज देणाराही लावतो. दोन हप्त्यांइतकी रक्कम तिथे टाकून ठेवा. पण कायमचंही ठेवू नका. साधारण तीन महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीचा दंड सुरू होऊ शकतो.

करारनाम्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे की ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, यावर पाव टक्का. पंधरा हजार भाडं, पंचेचाळीस डिपॉझिट, अकरा महिने: १,६५,००० अधिक ४,१२५, त्याचा पाव टक्का ४२३ रुपये. नोंदणी फी शहरात हजार. म्हणजे सरकारी खर्च दीड हजाराच्या आसपास, वरचं सगळं एजंटचं. नोंदवलेला करार बँकेत, आधारचा पत्ता बदलायला, गॅसला, सगळीकडे चालतो, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला ठिकठिकाणी परत येतो.

घरात शिरायच्या दिवशी वीज मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. जळगावचं घर सोडतानाही काढा आणि मालकाला पाठवा. डिपॉझिटमधून सर्वाधिक कपात ‘मागचं लाइट बिल’ या नावानेच होते. रंगाचे पैसे कापणार असेल तर करारात तसं लिहिलंय का ते बघा.

सिलिंडर गाडीत टाकून नेऊ नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, डिपॉझिटची रक्कम आणि ट्रान्सफरचं व्हाउचर घ्या, ग्राहक पुस्तिका जपून ठेवा. शेगडी तुमची, ती न्या. नवीन जोडणी मिळेपर्यंत ओळखपत्रावर मिळणारी पाच किलोची टाकी दोघांना पुरते. रेल्वेने मोटरसायकल पाठवणार असाल तर भुसावळ किंवा जळगावच्या पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात आणि टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. ते निघताना आदल्या दिवशीच काढा, नाहीतर स्टेशनबाहेरचा माणूस काढून देतो आणि पेट्रोलही ठेवून घेतो. एमएच-१९ ची गाडी पुण्यात नेली तर फक्त पत्ताबदल. सुरतेला बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर जळगावच्या आरटीओची एनओसी घेऊन तिकडे नव्याने नोंदणी लागते.

राहिलं वर्षाचं धान्य. मेमध्ये भरलेला क्विंटलभर गहू, दादर ज्वारी, तूरडाळ, मिरची, पापड, सगळं गाडीत चढवायचा मोह आवरा. दोघांना महिन्याला आठ-दहा किलो गहू लागतो. जूनच्या दमट हवेत पुण्याच्या बंद फ्लॅटमध्ये क्विंटलभर गहू दिवाळीपर्यंत किडतो. पंचवीस किलो न्या, उरलेला गावी कोठीतच राहू द्या, आणि कोणी येणारा-जाणारा असेल तेव्हा गोणी मागवा. दादर मात्र थोडी जास्तच घ्या, तशी ज्वारी तिकडच्या दुकानात सापडत नाही, आणि कळण्याच्या भाकरीला दुसरं पीठ चालत नाही.